लोकशाही मोजतात कशी? हुकूमशाही आणि राजकीय स्वातंत्र्याच्या मोजमापाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की फोनवर तेच ते मेसेज सुरू होतात, अमुक अहवालात भारत तमक्या नंबरवर, मग खाली दोन गट पडतात, एक म्हणतो बघा मी सांगत होतो, दुसरा म्हणतो हे सगळं परदेशातून ठरवून केलेलं आहे, आणि दोघांपैकी कुणीच तो अहवाल उघडलेला नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आत खूप काही वाचण्यासारखं असतं. म्हणून विद्यार्थ्यांनी, नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी आजवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत.

लोकशाही म्हणजे काय दुधाची फॅट आहे का, मोजायला?

हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला होता, त्याच्या घरी म्हशी होत्या आणि डेअरीवर रोज किती फॅट लागली हे बघतच तो मोठा झाला होता. प्रश्न बरोबर आहे. लोकशाहीत बुडवून आकडा दाखवेल असं मशीन नाही. पण बऱ्याच गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्या नोंदवता येतात. निवडणूक झाली का, विरोधी उमेदवाराला उभं राहता आलं का, की अर्ज भरायच्या आधीच तो तुरुंगात गेला, मतं मोजताना त्याचे एजंट टेबलाजवळ होते का, निकाल विरोधात गेला तेव्हा सत्तेतला माणूस खुर्ची सोडून गेला का.

अझरबैजानचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि मतदानाच्या आदल्या दिवशीच निवडणूक आयोगाच्या मोबाईल ॲपवर निकाल दिसायला लागला, सत्तेत असलेले राष्ट्राध्यक्ष अलियेव्ह 72.76 टक्के मतं घेऊन विजयी! टेस्टिंगचा डेटा चुकून गेला असं नंतर सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी रीतसर मतदान होऊन ते जवळपास 85 टक्के मतं घेऊन निवडूनही आले. कागदावर ही निवडणूकच होती. मतपत्रिका होत्या, पेट्या होत्या, उमेदवार होते. म्हणून नुसतं 'निवडणूक होते का, हो की नाही' एवढं विचारून भागत नाही आणि बरेच प्रश्न विचारावे लागतात.

हे मोजतं कोण?

मुख्य नावं चार. अमेरिकेतली फ्रीडम हाऊस ही संस्था 1941 सालची, तिचा वार्षिक अहवाल 1973 पासून येतो. लंडनच्या इकॉनॉमिस्ट ग्रुपच्या इंटेलिजन्स युनिटचा लोकशाही निर्देशांक 2006 पासून. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम हा प्रकल्प, त्यांचा डेटा 1789 पासूनचा आहे आणि सगळा फुकट डाऊनलोड करता येतो. आणि पॉलिटी, टेड गर या अभ्यासकाने सुरू केलेला, उणे 10 ते अधिक 10 अशी पट्टी असलेला, त्याचा मुख्य डेटा 2018 पर्यंत येऊन थांबलाय. पत्रकारितेपुरतं बघायचं असेल तर पॅरिसच्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सची यादी वेगळी असते, लोक ती हमखास यांच्यात मिसळतात.

फ्रीडम हाऊस मार्क कसे देतं? कुणीतरी खोलीत बसून ठरवतं का?

थोडंफार तसंच, पण खोलीत प्रश्नपत्रिका असते. एकूण 25 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 मार्क. त्यातले 10 राजकीय हक्कांचे म्हणजे 40 मार्क, 15 नागरी स्वातंत्र्यांचे म्हणजे 60 मार्क. देशाचा विश्लेषक बातम्या, न्यायालयाचे निकाल, इतर संस्थांचे अहवाल बघून मार्क सुचवतो, कारण लिहितो, मग बाहेरचे सल्लागार आणि संस्थेतले लोक बसून त्यावर चर्चा करतात. शेवटी देशाला तीनपैकी एक शिक्का मिळतो, मुक्त, अंशतः मुक्त, किंवा मुक्त नाही. यात एक जादा प्रश्नही आहे ज्याचे मार्क फक्त कापले जातात, तो म्हणजे सरकार एखाद्या भागातली लोकसंख्येची रचना मुद्दाम बदलतंय का.

प्रश्न अगदी साधे असतात बरं का. एक उदाहरण: माणसाला राजकारणाबद्दल स्वतःचं मत पाळत किंवा सूड यांची भीती न बाळगता बोलता येतं का? आता हा प्रश्न हातात घ्या आणि 1975 च्या डिसेंबरमध्ये कराडला जा. आणीबाणी चालू आहे, साहित्य संमेलन भरलंय, अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री समोर बसलेले, आणि दुर्गाबाई व्यासपीठावरून आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगतात. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्या बोलल्या म्हणून भारताला मार्क द्यायचे का, त्यांना अटक झाली म्हणून कापायचे? उत्तर आहे कापायचे, कारण प्रश्नात 'भीती न बाळगता' हे शब्द आहेत आणि ते तिथे फार विचारपूर्वक घातलेले आहेत. धाडसी माणसं हुकूमशाहीतही बोलतात. आपल्याला बघायचंय की साध्या माणसाला बोलायला धाडस लागतं का.

मग आणीबाणीत भारताला काय मिळालं होतं?

अंशतः मुक्त. आणि 1977 च्या मार्चमध्ये निवडणूक होऊन इंदिरा गांधी हरल्या, पायउतार झाल्या, तेव्हा भारत परत 'मुक्त'मध्ये गेला. त्या काळात हे सगळं काम रेमंड गॅस्टिल नावाचा एकच अभ्यासक जवळजवळ एकट्याने करायचा, म्हणजे पूर्ण जगाचे मार्क एका माणसाच्या टेबलावर! म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातले मार्क आणि आत्ताचे मार्क शेजारी ठेवताना जपून ठेवावेत, परीक्षकही बदललाय आणि पेपरही बदललाय, तेव्हा 1 ते 7 ची पट्टी होती आणि 1 म्हणजे सगळ्यात चांगलं.

व्ही-डेम वेगळं काय करतं?

आपल्याकडे प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात ते आठवा. एक सढळ हाताने 18-19 देतो, दुसऱ्याच्या हातून 14 च्या वर मार्क सुटत नाहीत, पोरांची तयारी तीच असते. व्ही-डेमसमोर हीच अडचण आहे कारण त्यांच्याकडे जगभरचे चार हजारांहून जास्त तज्ज्ञ आहेत, एका देशाच्या एका प्रश्नाला साधारण पाच जण उत्तर देतात, आणि आर्जेंटिनाच्या माणसाचा 3 आणि नेपाळच्या माणसाचा 3 एकच हे कसं समजायचं. तर ते सगळ्यांना काही काल्पनिक देशांची वर्णनं देतात आणि त्यांना मार्क द्यायला सांगतात. इथे देश खरा नसल्यामुळे फरक पडतो तो फक्त परीक्षकाच्या हाताचा, कोण कडक आणि कोण सैल ते कळतं, आणि मग सांख्यिकी मॉडेल त्या हिशोबाने खऱ्या देशांचे मार्क सावरून घेतं. ही पद्धत मला खरंच आवडते. शिवाय ते प्रत्येक आकड्याबरोबर खालची-वरची मर्यादा देतात, म्हणजे 'आमचा अंदाज इतका, पण इथपासून इथपर्यंत कुठेही असू शकतो' हे प्रामाणिकपणे सांगतात. बातमीत मात्र ती मर्यादा कधीच येत नाही, फक्त नंबर येतो.

त्यांचे चार वर्ग आहेत: बंदिस्त हुकूमशाही (जिथे खरी बहुपक्षीय निवडणूकच नसते), निवडणुकीची हुकूमशाही, निवडणुकीची लोकशाही, उदारमतवादी लोकशाही (जिथे निवडणुकीबरोबर न्यायालयं आणि नागरी हक्कही भक्कम असतात). यातला दुसरा वर्ग लोकांना सगळ्यात जास्त खटकतो.

'निवडणुकीची हुकूमशाही' हे काय आणि? निवडणूक आहे तर हुकूमशाही कशी?

जुन्या हुकूमशाहीचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं आहे, रणगाडे, रेडिओवर लष्करी गाणी, किंवा मग सद्दाम हुसेनचं 2002 चं सार्वमत, ज्यात शंभर टक्के मतदान आणि शंभर टक्के होकार जाहीर झाला होता. आता तसं फार कमी देशांत होतं. स्टीव्हन लेव्हित्स्की आणि लुकन वे या दोघा राज्यशास्त्रज्ञांनी 2002 साली मांडलं की शीतयुद्धानंतर एक मधला प्रकार वाढलाय, ज्यात विरोधी पक्ष असतात, ते प्रचार करतात, कधीकधी जिंकतातही, पण मैदानच तिरकं असतं. टीव्ही एका बाजूचा, पैसा एका बाजूचा, करखात्याच्या धाडी दुसऱ्या बाजूवर. हंगेरी हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण, 2019 च्या अहवालात फ्रीडम हाऊसने तिला 'अंशतः मुक्त' केलं आणि युरोपीय संघातला असा तो पहिलाच देश ठरला.

हुकूमशाहीचे आतले प्रकारही महत्त्वाचे आहेत. राज्यशास्त्रज्ञ बार्बरा गेडिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी सत्ता कुणाच्या हातात यावरून वर्ग पाडले: लष्कर, एक पक्ष, एक व्यक्ती, राजघराणं. हे नुसतं नावं देणं नाही. लष्करी राजवटी सरासरीने लवकर संपतात, कारण सैनिकांना परत जायला बराक असते. एकपक्षीय राजवटी लष्करी आणि एका व्यक्तीच्या राजवटींपेक्षा जास्त टिकतात. आणि सगळं एका माणसाभोवती गोळा झालेलं असेल तर तो गेल्यावर मागे संस्थाच उरत नाहीत.

एकाच देशाला वेगवेगळे लोक वेगवेगळं का म्हणतात?

सिंगापूर घ्या. पीपल्स ॲक्शन पार्टी 1959 पासून सत्तेत. फ्रीडम हाऊस म्हणतं अंशतः मुक्त, मार्क पन्नासच्या आत. इकॉनॉमिस्टवाले म्हणतात सदोष लोकशाही, म्हणजे त्यांच्या चार वर्गांतला 'पूर्ण लोकशाही'च्या खालचा वर्ग. व्ही-डेम म्हणतं निवडणुकीची हुकूमशाही. तिघेही तोच देश बघतायत पण इकॉनॉमिस्टच्या 60 प्रश्नांत सरकारचं कामकाज, लोकांचा सहभाग, राजकीय संस्कृती अशी खाती आहेत, सरकार चोख चालत असेल तर तिथे मार्क मिळतात. फ्रीडम हाऊस हक्क बघतं. व्ही-डेम विचारतं की सत्ताधारी खरंच हरू शकतो का.

आपल्या शेजारचं उदाहरण तर याहून गमतीचं वाटेल. 2025 च्या फ्रीडम हाऊस अहवालात भूतान 'मुक्त' आहे आणि भारत 'अंशतः मुक्त'. इकॉनॉमिस्टच्या यादीत भारत सदोष लोकशाही आणि भूतान त्याच्याही खालच्या वर्गात, संमिश्र राजवट. यातला कुठलाही एकच आकडा उचलून भांडण जिंकता येतं, म्हणून मला फक्त नंबर पाठवणाऱ्यांना मी आधी विचारते की कुठली प्रश्नपत्रिका.

बोत्स्वानाचं नाव तुम्ही सारखं का घेता?

कारण माझ्या मते मोजमापाचा सगळा पेच त्या एका देशात आहे. आफ्रिकेतला शांत, कायद्याने चालणारा देश, 1966 साली स्वतंत्र झाल्यापासून दर पाच वर्षांनी निवडणूक, आणि दर वेळी तोच पक्ष विजयी. राज्यशास्त्रज्ञ ॲडम प्रझेवोर्स्की आणि सहकाऱ्यांची पद्धत अगदी कडक होती, मधलं काही नाही, एकतर लोकशाही नाहीतर हुकूमशाही, आणि त्यांचा नियम असा की सत्ताधारी कधी हरलाच नसेल तर हरल्यावर तो खुर्ची सोडेल हे आपल्याला माहीतच नाही, म्हणून तोवर त्याला लोकशाही म्हणायचं नाही. त्यामुळे त्यांच्या यादीत बोत्स्वाना हुकूमशाही! बाकी सगळे याद्यावाले त्याला चांगली लोकशाही म्हणत होते. कोण बरोबर, हे कुठल्याही प्रश्नपत्रिकेने सुटणार नव्हतं, सत्ताधारी हरण्याची वाट बघणं एवढंच हातात होतं.

मग 30 ऑक्टोबर 2024 ला निवडणूक झाली आणि 58 वर्षं सत्तेत असलेला पक्ष 61 पैकी 4 जागांवर आला. अध्यक्ष मासिसी यांनी मोजणी पुरी व्हायच्या आधीच हार मान्य केली, आणि 1 नोव्हेंबरला विरोधी नेते ड्यूमा बोको यांचा शपथविधी झाला. गोळी नाही, कोर्टकज्जे नाहीत. आणि या नियमाची मजा अशी की एकदा पक्ष हरून गेला की मागची सगळी वर्षंही लोकशाहीत मोजायची, म्हणजे 2024 मध्ये घडलेल्या गोष्टीने 1966 चा शिक्का बदलतो.

आपल्याकडे केंद्रातही 1977 पर्यंत हेच होतं हे विसरू नका. तोवर काँग्रेस दिल्लीत हरलीच नव्हती. भारतात सत्ता मतांनी जाते हे सिद्ध झालं ते त्या मार्चमध्ये.

भारताचे आत्ताचे मार्क काय आहेत, सरळ सांगा.

फ्रीडम हाऊस: 2018 च्या अहवालात 77, 2019 मध्ये 75, 2020 मध्ये 71, 2021 मध्ये 67 आणि त्याच वर्षी 'मुक्त'मधून 'अंशतः मुक्त'मध्ये उतरला, 2025 च्या अहवालात 63. जम्मू-काश्मीर ते वेगळं मोजतात, या आकड्यात ते धरलेलं नाही. इकॉनॉमिस्ट: 2014 ला दहापैकी 7.92, 2020 ला 6.61 पर्यंत खाली, 2024 ला परत वर 7.29 आणि 41 वा क्रमांक. व्ही-डेम: 2021 च्या अहवालापासून निवडणुकीची हुकूमशाही.

सरकारने 2021 मध्ये फ्रीडम हाऊसचा अहवाल दिशाभूल करणारा आणि चुकीचा म्हणून फेटाळला, पुढे 2022 मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका टिपणात आक्षेप सविस्तर आले की हे सगळं मूठभर अनामिक तज्ज्ञांच्या मतावर उभं आहे. माझं मत विचाराल तर या आक्षेपात तथ्य आहे आणि मार्कांच्या उतरणीतही तथ्य आहे. आपली निवडणूक खरी आहे, राज्यांत सरकारं पडतात, निकाल लागल्यावर लोक खुर्च्या सोडतात, म्हणून 'हुकूमशाही' हा शब्द मला इथे बसत नाही. पण पत्रकारांवर गुन्हे, निदर्शकांना वर्षानुवर्षं जामीन न मिळणं, अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद ठेवणं, अल्पसंख्याकांवरचे हल्ले, ही अहवालात दिलेली कारणं घडलेली आहेत, ती कुठल्या तज्ज्ञाने स्वप्नात बघितलेली नाहीत. शिक्का नाकारा हवं तर. कारणांना उत्तर द्यावंच लागतं.

हे सगळे पाश्चात्त्य लोक, त्यांचा पक्षपात नसतो का?

असतो. फ्रीडम हाऊसचा मोठा पैसा वर्षानुवर्षं अमेरिकन सरकारच्या अनुदानातून यायचा, 2025 मध्ये ती मदत गोठवली गेली तेव्हा त्यांना माणसं कमी करावी लागली. पण त्याच संस्थेने अमेरिकेचे मार्क साधारण दहा वर्षांत 94 वरून 83 वर आणले, आणि इकॉनॉमिस्टने 2016 पासून अमेरिकेला पूर्ण लोकशाहीतून काढून सदोष लोकशाहीत टाकलंय, हेही सांगितलं पाहिजे.

खरा पक्षपात मला दुसरीकडे दिसतो, व्याख्येत. पॉलिटीच्या पट्टीवर स्वित्झर्लंडला 1848 पासून पैकीच्या पैकी, अधिक 10. तिथे बायकांना देशपातळीवर मत मिळालं 1971 ला! आणि ॲपेनझेल इनररोडेन नावाच्या प्रांतात तर स्थानिक मतदानासाठी 1990 उजाडलं, तेही कोर्टाने सांगितलं म्हणून. म्हणजे निम्मी लोकसंख्या बाहेर उभी असताना पूर्ण मार्क, कारण मत कुणाकुणाला आहे हे त्या पट्टीत विचारलंच जात नाही. भारताने 1951-52 च्या पहिल्याच निवडणुकीत सगळ्या प्रौढ बाया-पुरुषांना मत दिलं होतं. मी हे शिकवते तेव्हा दरवर्षी वर्गातल्या मुली मागच्या बाकापर्यंत एकदम ताठ बसतात.

पोर्तुगीज गोवा यात कुठे बसतो?

कुठेच धड बसत नाही. बहुतेक जुन्या याद्यांमध्ये फक्त स्वतंत्र देशांना ओळ मिळते, वसाहतीला नाही. गोवा होता पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, एक पक्ष, गुप्त पोलीस, सेन्सॉर, लग्नपत्रिकासुद्धा छापायच्या आधी दाखवून पास करून घ्यावी लागायची असं त्या काळातली माणसं सांगतात. 18 जून 1946 ला मडगावात लोहियांनी सभा घेतली ती मुळात नागरी स्वातंत्र्यासाठीच, की आम्हाला सभा घेऊ द्या, बोलू द्या. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हांना पकडून थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. गोवा 1961 च्या डिसेंबरमध्ये सुटला आणि पोर्तुगालचे लोक स्वतः सुटायला 25 एप्रिल 1974 उजाडला. राज्यशास्त्रात लोकशाहीची 'तिसरी लाट' म्हणतात, म्हणजे एकामागून एक देश लोकशाहीकडे वळले तो काळ, ती तिथूनच मोजतात. ज्या राजवटीच्या तुरुंगात गोंयकार बसले तीच राजवट पडल्यावर ही लाट सुरू झाली, हे आपल्या पुस्तकांत ठळक यायला हवं.

जगात हुकूमशाही खरंच वाढतेय का?

व्ही-डेमच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे 91 हुकूमशाह्या आणि 88 लोकशाह्या, दोन दशकांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा पारडं तिकडे झुकलं, आणि जगातले 72 टक्के लोक हुकूमशाहीत राहतात. यावर अँड्र्यू लिटल आणि ॲन मेंग या दोघा अभ्यासकांनी आक्षेप घेतला की फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी घेतल्या, सत्ताधारी किती वेळा हरतात, विजयाचं अंतर किती, कार्यकाळाची मर्यादा पाळली जाते का, तर एवढी मोठी घसरण दिसत नाही, कदाचित तज्ज्ञच निराश झालेत. व्ही-डेमवाल्यांचं उत्तर असं की आत्ताची गळचेपी बारीक असते, ती अशा ढोबळ आकड्यांत उमटत नाही. मला व्ही-डेमचं उत्तर जास्त पटतं, पण वाद मिटलेला नाही. आणि 72 टक्क्यांतला मोठा वाटा एकट्या भारताला कुठल्या रकान्यात टाकलं यावर अवलंबून आहे, हे तो आकडा फॉरवर्ड करताना जरूर लिहा.

रँक घसरला म्हणजे परिस्थिती बिघडली ना?

नाही! रँक दुसऱ्यांमुळेही बदलतो. आणि शिक्क्याच्या सीमारेषेवर तर फार जपायला हवं. इकॉनॉमिस्टमध्ये पूर्ण लोकशाहीसाठी 8 च्या वर लागतात, 2024 ला फ्रान्सला मिळाले 7.99, झाली सदोष लोकशाही.

या आकड्यांनी कुणाला काय फरक पडतो?

पडतो. अमेरिकेची मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था गरीब देशांना मदत देताना फ्रीडम हाऊसचे मार्क बघायची अट घालते. जागतिक बँकेच्या सुशासन निर्देशांकात हेच आकडे मिसळले जातात आणि तो निर्देशांक पतमानांकन करणारे वापरतात, म्हणजे देशाला कर्ज किती व्याजाने मिळणार इथपर्यंत हा धागा जातो.

मला स्वतः वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

फ्रीडम हाऊसच्या साइटवर देशाचं पान उघडा, वरचा मोठा आकडा सोडून द्या, खाली 25 प्रश्न आणि प्रत्येकाखाली एक-दोन परिच्छेद कारणं असतात ती वाचा. तुम्हाला चांगला माहीत असलेला देश आधी घ्या म्हणजे कुठे पटतं आणि कुठे नाही ते कळेल. मग त्याच देशाचं पाच वर्षांपूर्वीचं पान उघडून कुठल्या प्रश्नाचा मार्क हलला ते शोधा. मी विद्यार्थ्यांना आधी मार्क झाकून स्वतःचे मार्क द्यायला लावते, आणि एकाच बाकावरच्या दोघांत पाच-सात मार्कांचा फरक सहज पडतो.

नवीन अहवाल कधी येतात?

इकॉनॉमिस्टचा बहुतेक फेब्रुवारीत, फ्रीडम हाऊसचा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, व्ही-डेमचा मार्चमध्ये. सगळ्यांत माहिती मागच्या वर्षाची असते, म्हणजे फ्रीडम हाऊसच्या 2025 च्या अहवालात तुम्ही 2024 बघत असता.